काकूंना विचारा: सात वर्षं बंद घर, साफ करायचा दर काय लावू?

नमस्कार काकू,

मी धायरीला राहते, चार वर्षं झाली घरगुती साफसफाईची कामं घेते. माझ्याकडे तीन बायका आणि एक मुलगा असे चार जण आहेत, दिवाळीच्या आधी हात पुरत नाहीत आणि बाकीचं वर्ष बरं चालतं. राहत्या घराचा दर मला बरोबर सांगता येतो, त्यात कधी घोळ झाला नाही. घोळ झाला तो गेल्या मार्चमध्ये. एका क्लायंटनी वडगावचा बंद फ्लॅट दाखवला, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर सहा फोटो पाठवले, वन बीएचके, चार वर्षं बंद. मी फोटो बघून नऊ हजार सांगितले, दोन दिवसांत होईल म्हटलं. लागले पाच दिवस. फोटोत हॉल बराच रिकामा दिसत होता, पण बेडच्या खाली पेपरच पेपर, माळा गच्च भरलेला, आणि फ्रिजमध्ये चार वर्षांपूर्वीचं सामान तसंच, लाईट कधीच कापलेली, ते उघडल्यावर काय झालं ते मी लिहीत नाही. तिघांची पाच दिवसांची हजेरीच ८०० च्या हिशोबानं १२ हजार झाली, टेंपो वेगळा. क्लायंटकडे वाढवून मागितले तर म्हणाले तुम्हीच नऊ बोललात ना.

आता त्याच क्लायंटच्या मावशीचा सदाशिव पेठेतला फ्लॅट आलाय. टू बीएचके, साडेसहाशे कार्पेट, तिसरा मजला, लिफ्ट नाही, मावशी जाऊन सात वर्षं झाली आणि तेव्हापासून कुलूप. मालक म्हणजे मुलगा अमेरिकेत, किल्ली शेजाऱ्यांकडे. ते म्हणतात अ‍ॅपवर टू बीएचकेचं डीप क्लीनिंग चार-पाच हजारांत होतं, तुम्ही किती घ्याल. मी मागच्याची दुप्पट करून १८ हजार सांगावं असं म्हणतेय, आमचे हे म्हणतात २५ सांग, सासूबाई म्हणतात असलं काम घेऊच नको. काय करू?

– एक भगिनी, धायरी

*

अगं, आधी मला सांग, ते १८ हजार आले कुठून? मागच्याची दुप्पट, बरोबर, पण मागचा आकडाच मुळात फोटो बघून ठोकलेला होता, मग त्याची दुप्पट करून काय मिळणार, दुप्पट तोटा मिळेल फार तर. आणि तुझ्या मिस्टरांचे २५ पण तसेच, हवेतले. मी सतरा वर्षं हीच कामं केली, सुरुवातीची तीन-चार बंद घरं मला पण अशीच बुडवून गेली, म्हणून जरा लांबलचक उत्तर देतेय, चहा घेऊन बस.

राहत्या घराचा दर स्क्वेअर फुटावर किंवा बीएचकेवर लावता येतो कारण राहत्या घरातली घाण साधारण सगळीकडे सारखी असते. किचनचा ओटा चिकट, पंख्यावर धूळ, बाथरूमला क्षार, झालं. बंद घराचं तसं नसतं. मी एकाच बिल्डिंगमधले एकसारखे दोन फ्लॅट केलेत, दोन्ही पाच-सहा वर्षं बंद, एकात नुसती धूळ आणि जळमटं होती, सहा हजेऱ्यांत (एक हजेरी म्हणजे एका माणसाचा एक दिवस) चकाचक, दुसऱ्यात पायच ठेवता येईना, त्याला एकतीस हजेऱ्या लागल्या. स्क्वेअर फूट तोच. म्हणून बंद घराला एकच हिशोब, हजेऱ्या किती लागतील तो, आणि तो दारात उभं राहून कळत नाही आणि फोटोवरून तर नाहीच नाही. फोटो काढणारा माणूस नाकाला रुमाल लावून जिथे उभं राहता येतं तिथूनच फोटो काढतो, माळ्यावर चढून कोणी काढत नाही.

तेव्हा पहिलं काम, घर बघायला जा. सकाळी जा, उजेडात. बॅटरी, टेस्टर, ग्लोव्ह्ज, चांगला मास्क आणि पायात बंद बूट. आणि बघायला जायचे ५०० रुपये घे, काम मिळालं तर बिलातून वजा करीन असं सांग, जो ५०० द्यायला कुरकुर करतो तो पुढे काय करेल ते तुला कळलंच. गेल्यावर आधी मीटर बघ. सात वर्षं बिल भरलं नसेल तर महावितरणनं कनेक्शन कायमचं तोडून मीटर काढून नेलेला असायची शक्यता भरपूर, मग व्हॅक्यूम कशावर चालवणार, संध्याकाळी पाचनंतर काम कसं करणार. शेजाऱ्यांकडून वायर ओढून घेता येईल असं मालक अमेरिकेतून आरामात सांगतात, शेजाऱ्यांना विचारलेलं नसतं. मग पाणी. नळ सोडून बघ, येतंय का, आणि आलेलं पाणी जातंय का, हे दुसरं जास्त महत्त्वाचं. मोरीची जाळी तुंबलेली असेल तर तू धुतलेलं सगळं पाणी हॉलमध्ये येणार आणि मग खालच्यांच्या छतातून. बाथरूमच्या ट्रॅपमधलं, म्हणजे जाळीखालच्या वाकड्या नळीतलं पाणी सात वर्षांत सुकून गेलेलं असतं, त्यामुळे ड्रेनेजचा वास आणि झुरळं तिथूनच वर येतात, बादलीभर पाणी ओतलं की वासाचा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो, हे मालकाला दाखवलंस तर तुझी पत वाढते बघ, फुकटात.

माळ्यावर चढायचंच. कपाटं उघडायची, पलंग उचलायचा, बॉक्सबेड असेल तर फळी काढायची. फ्रिज मात्र उघडायचा नाही. बंद फ्रिजला चारी बाजूनी पॅकिंग टेप मारायची आणि तसाच्या तसा भंगारात, हे मी कोटेशनमध्येच लिहिते, कारण एकदा कोणी प्रेमानं म्हणालं की फ्रिज चालू होईल बघा जरा साफ करून, आणि त्या एका फ्रिजनं आमचा अख्खा दिवस खाल्ला होता, तुला सांगायला नको.

छताला ओल आहे का ते नीट बघ. काळी बुरशी दिसली तर ती वरच्यांच्या बाथरूममधून झिरपणाऱ्या पाण्याची आहे की नुसती घर बंद असल्याची, ते ठरव. वरून झिरपत असेल तर तू कितीही पुसलंस तरी पुढच्या पावसाळ्यात परत येणार आणि फोन तुलाच येणार की साफ केलं नाहीत म्हणून. लिहून दे, ‘ओल दुरुस्त झाल्याशिवाय बुरशीची खात्री नाही’. वाळवी लागली असेल तर तेही तुझं काम नाही, पेस्ट कंट्रोलवाला आधी, तू नंतर.

आता पेठेतलं घर म्हणजे बाल्कनीत कबुतरं असणारच. ती विष्ठा सुकलेली असते आणि कोरडी झाडली की तिची बारीक धूळ उडते, ती फुप्फुसात गेली की माणूस खरोखर आजारी पडतो, नुसता खोकला नाही, वर्षानुवर्षं पुरणारे विकार होतात. खराटा लावायचाच नाही तिथे. आधी साबणाच्या पाण्याचा फवारा मारायचा, पंधरा-वीस मिनिटं मुरू द्यायचं, मग पत्र्यानं खरवडून ओलंच दुहेरी पिशवीत भरायचं. तोंडाला एन नाइंटीफाइव्ह, ओढणी नाही. तुझ्या बायका म्हणतील मास्कनी गुदमरतं, तर दर अर्ध्या तासानं बाहेर येऊ दे पण आत ओढणी चालवून घेऊ नकोस. उंदराच्या लेंड्यांचंही तेच, कोरडं झाडायचं नाही. या सगळ्याला वेळ जातो, आणि वेळ म्हणजे हजेरी, म्हणून दर सांगताना हे डोक्यात असलं पाहिजे.

बरं, आता तुझ्या घराचा हिशोब मी माझ्या अंदाजानं मांडून दाखवते, तू बघून आलीस की आकडे बदल. सामान आणि साफसफाई हे दोन वेगळे हिशोब धर, सगळे इथेच फसतात, दोन्ही एकत्र ‘साफसफाई’ म्हणून बोलतात. सामान निवडणं, गोण्या भरणं आणि तीन जिने उतरवणं, चार जण दोन दिवस, ८ हजेऱ्या. त्यानंतर खरी साफसफाई सुरू. स्वैपाकघराला ३, कारण सात वर्षांचा वाळलेला तेलाचा चिकटा नुसत्या साबणानं निघत नाही, लावून ठेवायचं, वाट बघायची, खरवडायचं, परत लावायचं. संडास-बाथरूम मिळून २. हॉल आणि दोन खोल्यांची जळमटं, भिंती, पंखे, खिडक्या, फरशी मिळून ४. बाल्कनी १. शेवटचा हात फिरवायला १. या झाल्या ११, आधीच्या ८ धरून १९. आणि न दिसलेल्याच्या ४, एकूण २३.

८०० नी २३ हजेऱ्यांचे झाले १८,४००. बघितलंस? तू जे १८ हजार सांगणार होतीस ते नुसत्या हजेरीतच संपले, अजून तू साधी साबणाची वडी पण घेतली नाहीयेस.

पुढे. चहा-जेवण-येणंजाणं माणशी रोज १५०, त्याचे ३,४५०. तुझी स्वतःची मजुरी रोज १,५०० नी सहा दिवस, ९,०००, आणि ही धरायचीच, आपण बायका स्वतःची हजेरी धरत नाही आणि मग महिन्याच्या शेवटी म्हणतो कामं तर एवढी केली पैसे गेले कुठे. केमिकल, मास्क, ग्लोव्ह्ज, ब्लेड, गोण्या मिळून ३,५००. व्हॅक्यूम स्वतःचा असला तरी भाड्यानं आणल्यासारखा रोजचे ४०० धर, २,४००. छोट्या हत्तीच्या दोन खेपा ५,०००, पेठेत टेंपो दारापर्यंत जाईल का आणि कुठल्या वेळेत जाईल हे आधी बघून ठेव. बेरीज ४१,७५०. त्यावर वीस टक्के नफा ८,३५०. म्हणजे ५०,१००, चल, ५० हजार.

न दिसलेल्या चार हजेऱ्या लागल्याच नाहीत तर चौघांचा एक दिवस वाचतो, तुझी मजुरी आणि व्हॅक्यूमही एका दिवसाचा कमी, मग हाच आकडा ४३ च्या आसपास येतो. मी असं सांगते, ‘४३ ते ५० च्या मध्ये बसेल, ५० च्या वर जायची वेळ आली तर हात लावायच्या आधी फोन करीन’. एकच आकडा सांगण्यापेक्षा हे लोकांना जास्त पटतं, असा माझा अनुभव. आणि खरंच चार हजेऱ्या वाचल्या तर बिलात कमी करायच्या, तिथे लबाडी नको.

आता तुझा मालक म्हणेल अ‍ॅपवर चार हजार. भांडू नकोस. म्हणावं, जरूर बोलवा, फक्त त्यांना आधी हे फोटो पाठवा आणि विचारा माळ्यावरचं सामान काढणार का, गोण्या खाली नेणार का, टेंपो कोणाचा. ते राहत्या घराचं काही तासांचं काम असतं, त्यात त्यांची चूक काहीच नाही, तो माल वेगळा हा वेगळा. मालक अमेरिकेत आहे म्हणतेस, तिथे असलं घर उपसायला काय घेतात ते त्याला तुझ्यापेक्षा जास्त माहीत असणार, तो गप्प बसेल.

पैशांचं कसं घ्यायचं ते सांगते. अर्धे आधी. सामान निघून घर रिकामं झालं की पाव, उरलेला पाव शेवटी. कारण तुझा खर्च सगळ्यात जास्त होतो तो सामान काढताना, टेंपो, हजेऱ्या सगळं पहिल्या दोन-तीन दिवसांत जातं, आणि घर रिकामं झालं की काही मालकांना अचानक वाटायला लागतं की पुढचं आपण करून घेऊ कोणाकडून तरी स्वस्तात. बिल जीएसटीचं मागितलं तर स्पष्ट सांग, वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असल्यामुळे नोंदणी नाही, साधं बिल देईन. नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावणं हा मात्र मूर्खपणा करू नकोस, तो गुन्हाच आहे, आमच्या ओळखीत एकानं केलाय म्हणून बोलते.

काय काय येत नाही तेही लिही. रंग, प्लंबिंग, ओल, पेस्ट कंट्रोल, गंजलेले नळ पहिल्यासारखे चमकणं, टाइल्सच्या सांध्यांचा मूळ पांढरा रंग. काही डाग जात नाहीत, कितीही घासा. तसलं एक कोपऱ्यात घासून दाखवायचं आणि म्हणायचं इथपर्यंत येईल, याच्यापुढे नाही, चालेल का? व्हॉट्सअ‍ॅपवर ‘चालेल’ असं येऊ दे.

रद्दीचे पैसे कोणाचे? याच्यावरून मी भांडणं बघितलीयेत, पन्नास हजारांच्या कामात तीन हजारांच्या रद्दीवरून तोंडं फिरलेली. माझा नियम, रद्दी-भंगाराचे पैसे मालकाचे, वजनाच्या चिठ्ठीसकट बिलातून वजा. तांब्या-पितळेची भांडी म्हणजे भंगार नव्हे, घंगाळ, बंब, पाटवरवंटा, हे सगळं वेगळं काढून फोटो पाठवायचे, ठेवायचं की द्यायचं ते त्यांना ठरवू दे. मावशींचं घर होतं ना, कोणाला तरी तो वरवंटा हवा असेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्याच्यामुळे सामान काढायला मी आठ हजेऱ्या धरल्या, सहा नाही. पेपर झटकल्याशिवाय रद्दीत जायचा नाही. डबा उघडून हात घातल्याशिवाय फेकायचा नाही. आपल्या आयांनी आणि सासवांनी पैसे बँकेत ठेवलेच नाहीत, तांदळाच्या डब्यात ठेवले, उशीच्या अभ्र्यात ठेवले, देवाच्या पोथीत ठेवले. मला एका डब्यात हरभऱ्याच्या डाळीखाली पाटल्या मिळाल्यात, पेपरांच्या गठ्ठ्यात एलआयसीची पॉलिसी आणि शेअरची सर्टिफिकिटं मिळालीत. आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये बंद झालेल्या पाचशे-हजाराच्या नोटा तर इतक्या वेळा मिळाल्यात की आता हसू पण येत नाही. त्या मिळाल्या तर मालकाच्या ताब्यात दे, आपल्याजवळ ठेवू नकोस, २०१७ च्या कायद्यानुसार दहापेक्षा जास्त जुन्या नोटा बाळगणं हा गुन्हा आहे. किमती वस्तू मिळाली की तिथल्या तिथे व्हिडिओ, एकाच डब्यात ठेवायची, आणि संध्याकाळी शेजाऱ्यांच्या समोर यादी करून त्यांच्या हवाली. तुझ्या बायकांवर तुझा कितीही विश्वास असू दे, हे त्यांच्यासाठीच करायचं, नंतर कोणी म्हणालं की मावशीची ठुशी होती ती कुठंय, तर त्यांच्याकडे बोट जायला नको.

सासूबाईंना सांग काम घ्यायला हरकत नाही. ४३ च्या खाली मात्र घेऊ नकोस, मालकानी कितीही घासाघीस केली तरी. त्याला कमीच करायचं असेल तर काम कमी कर, दर नाही. म्हणावं सामान तुमच्या नातेवाइकांनी काढा, मी फक्त साफसफाई करते, मग त्या ८ हजेऱ्या आणि टेंपो वगळून हिशोब करून देईन.

एक राहिलं. पेठेतली सोसायटी आहे, दुपारी १ ते ४ आवाज चालत नाही. हसू नकोस. सामान उतरवायचं काम सकाळी आठ ते एकमध्ये बसव, दुपारी आतलं भिजवून ठेवायचं काम, चारनंतर परत जिने. नाहीतर चेअरमन काम थांबवेल आणि एक दिवस वाढेल, तो दिवस कोणाच्या खिशातून जातो ते आता तुला माहितीये.

*

काकू, नमस्कार. आमचं गाव गुहागर तालुक्यात आहे, आई गेल्यानंतर घर पाच वर्षं बंद. आम्ही दोघं भाऊ ठाण्याला. या वर्षी गणपती गावी बसवायचं ठरलंय. साफसफाईची तीन कोटेशनं आली, १२ हजार, ३५ हजार आणि ५५ हजार. एवढा फरक कसा? मधलं घ्यावं का?

– एक वाचक, ठाणे

*

मधलं घ्यावं हा आपला सगळ्यांचा लाडका उपाय, पण साहेब, तिघांनी तीन वेगवेगळ्या कामांचे भाव दिलेत असणार. तिघांनाही तेच चार प्रश्न विचारा, किती माणसं किती दिवस, निघालेला कचरा कुठे जाणार, कौलांखालचं लाकूड धरलंय का, आणि घर आतून बघितलंय का. १२ हजारवाला बहुतेक झाडून पुसून देणार, तेवढंच हवं असेल तर तोच बरा. ५५ वाल्यानं कदाचित विहिरीचा उपसा पण धरला असेल, विचारल्याशिवाय कसं कळणार.

दराच्या आधी वेळ ठरवा. गणपतीच्या आधी महिनाभर अख्ख्या कोकणात माणूस मिळत नाही, मिळाला तर त्याच्या मर्जीचा भाव, आणि पावसात धुतलेलं काही वाळत नाही. मार्च-एप्रिलमध्ये करून घ्या. आणि क्रम उलटा करू नका, आधी कौलं चाळून घ्या, वासे-रिपांना वाळवी लागलीय का ते बघा, मगच आतली साफसफाई. आधी घर चकाचक करून मग कौलांवर माणूस चढवला की पाच वर्षांची माती, पानं, उंदरांची घरटी सगळं परत खाली येतं आणि दुसऱ्यांदा पैसे मोजावे लागतात. पहिल्यांदा दार उघडताना घाई करू नका, दारं-खिडक्या उघडून थोडा वेळ बाहेर थांबा, आत गांधीलमाशांचं पोळं असू शकतं, साप असू शकतो, सर्पमित्राचा नंबर खिशात असू द्या. चिऱ्याच्या भिंतीवर प्रेशरचं पाणी मारायला कोणी निघालं तर थांबवा, चिरा पाणी पितो आणि पावसाळाभर आत ओल राहते. मजुरांना गमबूट आणि ग्लोव्ह्ज तुम्ही द्या, त्यांनी आणले नाहीत म्हणून सोडू नका, कोकणात लेप्टोचा ताप असतो आणि तो उंदराच्या मुतानं होतो, पायाला चीर असेल तर तेवढी पुरते.

संडासाची टाकी कोणी माणूस उतरवून साफ करून देतो म्हणाला तर सरळ नाही म्हणा. २०१३ च्या कायद्यानं ते बंद आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी टाकीतल्या वायूनं माणसं जागच्या जागी जातात. उपसायचं मशीन बोलवा, त्याचे पैसे वेगळे लागतात, लागू द्यात.

*

काकू, अर्जंट आहे. एका जुन्या घरात शहाबादी फरशीवरचे डाग जावेत म्हणून माझ्याकडे कामाला असलेल्या मुलानं संडासाचं अ‍ॅसिड टाकलं, डाग गेले पण फरशी पांढरी आणि खरबरीत झाली. क्लायंट म्हणतात फरशी बदलून द्या, बिल पण अडवलंय, १४ हजार. काय करू?

– सांगली

*

टाकल्यावर फेस आला असणार, हो ना? तो फेस म्हणजे तुमची फरशी विरघळत होती. शहाबाद, कोटा, मार्बल हे सगळे चुनखडीच्याच जातीचे दगड, अ‍ॅसिड त्यांना खातं, मोझाइकला पण खातं कारण त्यात सिमेंट आणि मार्बलचेच तुकडे असतात. टाइल्सवर चालतं म्हणून फरशीवर चालतं असं नाही, हे मुलाला आधी सांगायला हवं होतं, आणि ते सांगायचं काम तुमचं होतं, म्हणून चूक तुमच्याकडे येते, मुलाची हजेरी कापू नका.

फरशी बदलायची काही गरज नाही. पॉलिशवाल्याला बोलवा, वरचा थर घासून तो पॉलिश करून देईल, जेवढ्या खोलीत अ‍ॅसिड पडलं तेवढ्याचा भाव घ्या. क्लायंटला स्वतः भेटून सांगा की पॉलिशचा खर्च माझा, तो बिलातून वजा करा आणि बाकीचे द्या, बहुतेक लोक ऐकतात, फोनवर सांगितलं तर मात्र ऐकत नाहीत. एका खोलीचंच पॉलिश केलं तर ती बाकीच्या घरापेक्षा वेगळी चमकेल, हे आधीच बोलून घ्या, पाहिजे तर बाकीच्या खोल्यांचं त्यांच्या खर्चानं करून घेतील.

आणि त्याच जागेवर आता ब्लीच टाकून उजळवायच्या भानगडीत कोणी पडू नका, सांध्यात अ‍ॅसिड राहिलेलं असतं, दोन्ही एकत्र आलं की क्लोरीन सुटतो, माझी एक बाई बंद मोरीत असंच करून बसली होती, तिला उचलून बाहेर आणावं लागलं. आधी खिडक्या उघडा, भरपूर साध्या पाण्यानं तीन-चारदा धुवा, दोन दिवस पूर्ण वाळू द्या, आणि मगच पॉलिशवाल्याला दाखवा, ओल्या फरशीवर डाग किती खोल गेलाय ते त्याला दिसत नाही.